बार एक, चिंध्या तीन

ठासणीच्या बंदुकीने नेमबाजी करणारा माणूस दिवसातला किती वेळ खरोखर बंदूक उडवतो, हे एकदा घड्याळ लावून बघण्यासारखं आहे. चाप ओढला, घोडा पडला, केप फुटली, बार झाला, पांढऱ्या धुराचा लोट निघाला, संपलं. उरलेला सगळा दिवस तो नळी पुसत असतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय रांगडा छंद आहे! जवळ जावं तर हे धिप्पाड, दाढीवाले, हरणाच्या कातड्याचे झगे घातलेले गृहस्थ टेबलावर सुती कापडाचे चौकोनी तुकडे मांडून बसलेले असतात, आणि नळीतून नुकतीच निघालेली काळी चिंधी दोन बोटांत उजेडाकडे धरून शेजाऱ्याला विचारत असतात, "जरा जास्तच ओली झाली का रे?"

शेजारी ती चिंधी हातात घेतो. उलटीसुलटी करून बघतो. नाकाशी नेतो. मग मत देतो. त्या मतावर तिसरा आक्षेप घेतो. तोवर बंदूक फळीला टेकून उभी असते आणि समोरचं निशाण अगदी निर्धास्त असतं.

हे सगळं बघायचं तर अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाच्या खेड्यात जावं. लॉफरी क्रीक नावाच्या ओढ्याकाठी तिथे नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं चांदमारीचं मोठं मैदान आहे. संस्था १९३३ सालची. तोंडाकडून भरायच्या बंदुका जगातल्या सैन्यांनी टाकून दिल्याला तेव्हाच साठ-सत्तर वर्षं झाली होती. पण अमेरिकेत एखादी वस्तू निकामी झाली की तिची संघटना निघते, मग संघटनेचं मासिक निघतं, मग सामने भरतात. इथे वर्षातून दोनदा भरतात. आमचं कोलंबस तिथून तास-सव्वा तासावर. डिझेल इंजिनांच्या कारखान्यामुळे या कोलंबसात पुण्याहून आलेली एवढी मंडळी आहेत की गणपतीत मोदक उरत नाहीत. त्यातलं कोणी फ्रेंडशिपला फारसं फिरकत नाही. मी जातो, कारण दुसऱ्याला काम करताना बघणं हा मला जमणारा एकमेव खेळ आहे.

या पुसापुशीचं मूळ काळ्या दारूच्या स्वभावात आहे. ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक, हे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. दारू जळाली म्हणजे नाहीशी झाली, असा आपला समज असतो. इंग्लंडात अँड्रू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघांनी १८७० च्या दशकात ती पोलादी भांड्यात कोंडून जाळली आणि काय उरलं ते तोलून बघितलं. वजनाने साधारण ४३ टक्के वायू निघाला, बाकी सगळे घन क्षार आणि राख. म्हणजे जिच्या जोरावर साम्राज्यं उभी राहिली, ती वस्तू निम्म्याहून अधिक कचरा होती. ०.५० इंची नळीच्या रायफलीत एका बाराला ७० ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम दारू घातली, तर अडीच ग्रॅम घाण तयार होते. त्यातली बरीचशी धुराबरोबर जाऊन शेजाऱ्याच्या चष्म्यावर बसते. उरलेली नळीत राहते. आजकालच्या काडतुसांतली धूरविरहित दारू जवळजवळ सगळीच वायू होऊन जाते. म्हणून तर त्या बंदुकीवाल्यांना संध्याकाळी कुटुंबाबरोबर जेवता येतं.

नळीतलं हे कीट मोठं लहरी. त्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. दमट दिवशी कीट मऊ आणि चिकट राहतं, कोरड्या उन्हात तेच टणक आणि खरबरीत होतं. ॲरिझोनाच्या वाळवंटातला नेमबाज दुसऱ्या-तिसऱ्या बारालाच गोळी जात नाही म्हणून कपाळाला हात लावतो. इंडियानातल्याचं कीट दिवसभर नरम राहतं, आणि रात्री पुसायचा कंटाळा केला तर सकाळपर्यंत नळीत तांबूस गंज धरलेला असतो. हे दोघे भेटले की एकमेकांना कळकळीने सल्ला देतात. कुणाचाच सल्ला दुसऱ्याच्या हवेत लागू पडत नाही, पण कळकळ खरी असते.

आता नळीचा हिशोब ऐका. भोक ०.५० इंच. शिशाची गोल गोळी ०.४९० इंच. गोळीभोवती जी वंगण लावलेली चिंधी गुंडाळतात, तिची जाडी ०.०१५ इंच, आणि ती दोन्ही अंगांना येते, म्हणजे ०.०३०. बेरीज ०.५२०. अर्ध्या इंचाच्या भोकात अर्ध्या इंचाहून जाड ऐवज कोंबायचा आहे. स्वच्छ नळीत तो जातो, कारण कापड दबतं आणि नळीच्या आतल्या पीळदार खाचांत घट्ट बसतं. तसं बसतं म्हणूनच गोळी गरगरत जाते आणि नेम लागतो. पण या हिशोबात कीटाला जागाच धरलेली नाही. पहिल्या बाराला ठासायचा गज दोन बोटांनी खाली जातो. तिसऱ्याला मूठ लागते. पाचव्याला माणूस पाय फाकवून उभा राहतो, दातओठ खातो, गजावर अंगाचा भार टाकतो, आणि गोळी अर्ध्या वाटेत बसकण मारते.

इथे मात्र हसायचं काम नाही. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली आणि बंदूक तशीच उडवली, तर नळी फुगते, कधी फुटते. म्हणून जाणता माणूस गजावर खूण करून ठेवतो: बंदूक भरल्यावर गज इथपर्यंत आत गेलाच पाहिजे. खूण नळीच्या तोंडाच्या वर राहिली तर चापाला बोट लावायचं नाही.

तेव्हा दोन बारांच्या मधे नळी पुसावी, याबद्दल जवळजवळ सगळ्यांचं एकमत आहे. कशाने पुसावी, किती पुसावी, दर बाराला की तीन बारांनी, गज एका दमात न्यावा की टप्प्याटप्प्याने, आणि चिंधी कोणत्या कापडाची, एवढ्या किरकोळ बाबींवर काय ते मतभेद आहेत.

नीट करणारा कसं करतो, ते मी टेबलाला खेटून बघितलं. गजाच्या टोकाला खाचा पाडलेलं पितळी बोंड बसवलेलं असतं. चिंधी ओलवायची आणि बोटांत पिळून काढायची. पाणी दिसता कामा नये, नुसता गारवा लागला पाहिजे. ती नळीच्या तोंडावर ठेवून बोंडाने संथपणे, एका चालीत, बुडापर्यंत न्यायची. तिथे जरा थांबायचं. वर ओढताना चिंधी बोंडाच्या खाचांत चुरगळून जाड होते आणि कीट खरवडून आणते. मग उलटून तिची दुसरी बाजू. मग एक कोरडी चिंधी. मग आणखी एक कोरडी, ती निव्वळ मनाच्या समाधानासाठी. हातात घाई असली किंवा चिंधी जाताना घट्ट बसली, तर ती कीट वर आणायच्याऐवजी खाली बुडाकडे लोटते, आणि तेही नेमकं केपची ठिणगी जिथून आत शिरते त्या बारक्या छिद्रापाशी. घर झाडायला सांगितलं की कचरा सोफ्याखाली लोटणारी पुरुषजात बंदुकीतही तेच करते.

पंथांविषयी सांगायचं तर सगळ्यात जुना पंथ थुंकीवाल्यांचा. चिंध्या तोंडात टाकायच्या, गालात घोळवायच्या, लागेल तशी एकेक काढायची. हे लोक वादात पडत नाहीत, कारण तोंड रिकामं नसतं. काहीही विचारा, "उं" म्हणतात. थुंकीत पाणी आहे, थोडी चिकटी आहे, आणि ती विकत आणावी लागत नाही, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. दुपारी सँडविच खाल्ल्यावर त्यातली मोहरीची चटणी नळीत जात असेल का, या माझ्या प्रश्नालाही "उं" असंच उत्तर आलं. सकाळपासून शिशाच्या गोळ्या हाताळलेली बोटंच ते वारंवार तोंडात घालतात, हे डॉक्टर मंडळींना कळवू नये.

दुसरा पंथ 'मूस मिल्क'वाल्यांचा. मूस म्हणजे उत्तर अमेरिकेतलं ते घोड्याहून उंच सांबर. त्याचा या दुधाशी काही संबंध नाही. पाण्यात मिसळणारं तेल पाण्यात घातलं की पांढरंशुभ्र दूध होतं, म्हणून हे नाव. एकाने इकडेतिकडे बघून, मोठ्या विश्वासाने, बाटलीचं बूच काढून मला वास दिला. वास ओळखीचा निघाला. भोसरीच्या कुठल्याही वर्कशॉपात लेथवर जे पांढरं पाणी धारेने पडत असतं, तेच हे. आपल्याकडे त्याला कूलंट म्हणतात आणि ते शर्टावर उडालं तर ऑपरेटर शिव्या घालतो. इथे त्याची कृती बाप मुलाला एकांतात सांगतो. काहीजण त्यासाठी बॅलिस्टॉल वापरतात. ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कैसरच्या सैन्यासाठी काढलेलं तेल. त्यात पाणी पाचपट की सातपट, यावर सामन्यापेक्षा जास्त ईर्ष्येने बोललं जातं.

तिसऱ्या पंथाची कृती तीन सारख्या भागांची: लाकडी फरशी पुसायचा साबण, जखमेवर ओतायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अंगाला चोळायचं स्पिरिट. या तिन्ही बाटल्या घरातून एकाच दिवशी नाहीशा झाल्या की बायकोला सामन्यांची तारीख कळते. चौथा पंथ गाडीच्या काचेवर उडवायचं निळं पाणी वापरतो आणि आपण आधुनिक आहोत असं मानतो.

मी या सगळ्या बाटल्यांची लेबलं वाचली आहेत. साबणात पाणी. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पेरॉक्साइडात ९७ टक्के पाणी. निळ्या पाण्यात पाणी. दुधात पाणी. थुंकीत तर पाणीच. नळीतले क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत, एवढंच यातलं रसायनशास्त्र, आणि ते आठवीच्या पुस्तकात मावेल. पण "मी पाण्याने पुसतो" असं उघडपणे म्हणणारा एकही माणूस मला त्या मैदानावर भेटलेला नाही. पाण्याने पुसणाऱ्याला कोण बाजूला घेऊन गुपित विचारणार?

फुंकणीवाले त्याहून सोवळे, ते पाणीही नको म्हणतात. काळ्या दारूच्याच, पण मागून काडतूस घालायच्या रायफली वापरणारे हे लोक नळीच्या मागच्या बाजूला फुंकणी लावून सावकाश फुंकतात. श्वासातल्या ओलीने कीट नरम राहतं. त्यांचं ठीक आहे. पण पूर्वी ठासणीच्या बंदुकीवालेसुद्धा फुंकत, आणि ठासणीच्या बंदुकीला मागची बाजूच नसते. ते सरळ नळीच्या तोंडाला तोंड लावत. आता मैदानांवर हे चालू देत नाहीत. बंदुकीच्या नळीला ओठ लावू नयेत, हे माणसाला नियमावलीत लिहून द्यावं लागलं.

आणि एक छोटासा, सुखी पंथ आहे न पुसणाऱ्यांचा. गोळीभोवतीच्या चिंधीलाच ते असं भरपूर आणि नेमकं वंगण लावतात, की प्रत्येक गोळी आत जाताना आधीच्या बाराचं कीट पुसत जाते. ते सकाळी येतात, गोळ्या झाडतात, घरी जातात. त्यांच्याशी कोणी बोलत नाही.

पुसण्याची हौस अंगाशी कशी येते, तेही बघण्यासारखं असतं. चिंधी जरा जास्त ओली राहिली की पाणी बुडाशी उतरतं, वर कोरडी दारू ओतली की तिचा लगदा होतो. मग घोडा पडतो, केप "फट्" करते, आणि पुढे काही होत नाही. अशा वेळी बंदूक लगेच खाली घ्यायची नसते. तोंड निशाणाकडे ठेवून शांत उभं राहायचं असतं, कारण आत धुमसणारी दारू उशिरानेही पेटू शकते. आजूबाजूचे सगळे बोलणं थांबवून त्याच्याकडे बघत असतात. कोणी सल्ला देत नाही. अमेरिकन माणूस सल्ला देत नाही, तेव्हा त्याला फार काही म्हणायचं असतं असं समजावं.

याहून वाईट म्हणजे कोरडी गोळी. ओली चिंधी, तिची दुसरी बाजू, कोरडी चिंधी, दुसरी कोरडी, आणि मधे चिंधीच्या विणीवर चर्चा, या गडबडीत दारू घालायचीच राहून जाते, आणि गोळी मात्र व्यवस्थित ठासली जाते. आता ती पुढूनही निघत नाही आणि मागूनही निघत नाही. मग गजाच्या टोकाला स्क्रू लावून तो शिशात फिरवायचा आणि एकाने बंदूक, दुसऱ्याने गज धरून रस्सीखेच करायची. किंवा केप जिच्यावर बसते ती निपल काढून तिथून चिमूटभर दारू आत सरकवायची. किंवा कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्याने गोळी बाहेर फेकायची. एका गृहस्थांच्या खिशात असं नळकांडं कायम असतं. ते दुसऱ्यांना द्यायला असतं, असं ते न विचारता सांगतात.

मागे सप्टेंबरच्या सामन्यांच्या वेळी माझे सासरे, अण्णा, आमच्याकडे आले होते. सासुरवाडी कुडाळकडची. अण्णांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती, रीतसर परवान्याची. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३व्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. कोकणात रानडुकरं भाताच्या कोपऱ्यात शिरली की रात्रीत वर्षाची मेहनत लोळवून जातात. तेव्हा बंदुका बघून अण्णांना बरं वाटेल म्हणून त्यांना फ्रेंडशिपला नेलं. अण्णा हात पाठीमागे बांधून दोरीच्या अलीकडे बराच वेळ उभे राहिले.

"जावईबापू, हे लोक काय करतायत?"

"नळी पुसतायत, अण्णा."

"घरून पुसून नाही का आणत?"

"आणतात. पण प्रत्येक बारानंतर पुसावी लागते."

अण्णांनी वळून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे दुसरा बार काढणार?"

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि विषय जिव्हाळ्याचा असल्यामुळे मालवणीत सांगितलं. "एक बार काढलो की डुकर चार दिवस फिरकाचो नाय. दुसरो कोणासाठी?" त्यांच्या घरात दोन बारांच्या मधे चिंधी नसे, पावसाळा असे. बंदूक भरून माळ्यावर ठेवलेली असायची. दसऱ्याच्या आधी ती खाली यायची, मागच्या दारी कढत पाण्याने धुतली जायची, उन्हात वाळायची, खोबरेलाचा हात फिरायचा, आणि खंडेनवमीला कोयता, पहार, नांगराच्या फाळाशेजारी हळदकुंकू लावून बसायची. एवढ्यावर ती तीन पिढ्या टिकली. तिला खरा त्रास झाला निवडणुकांचा. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची. निकाल लागून सरकार बसेपर्यंत ती तिथल्या कोठडीत दमट भिंतीला टेकून उभी, आणि परत यायची तेव्हा नळीतून तांबडा भुगा पडायचा. मुदतपूर्व निवडणुका अण्णांना अजून आवडत नाहीत.

आमचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या एका अगत्यशील म्हाताऱ्याने पत्र्याची चपटी डबी उघडून अण्णांपुढे धरली. आत पिवळसर वंगण. "घरी केलंय. बोट लावून बघा," तो म्हणाला. अण्णांनी बोट पुढे केलं आणि मला विचारलं, "कशाचं आहे हे?" मी म्हाताऱ्याला विचारलं. तो अभिमानाने म्हणाला, "मधमाशांचं मेण आणि गायीची चरबी. डुकराची पण वापरून बघितली, पण ती उन्हात फार पातळ होते."

अण्णांचं बोट हवेतच राहिलं. "अहो, हे तर सत्तावन्न साल!"

आणि ते तंतोतंत खरं होतं. इंग्रजांच्या फौजेकडे आधी ब्राऊन बेस नावाची बंदूक होती. नळीचं भोक पाऊण इंच आणि गोळी ०.६९ इंच. गोळी एवढी ढिली, की कीट साचलं तरी ती घरंगळत बुडाशी जाई. त्यामुळे पुसायची भानगड नव्हती; नेमाचीही नव्हती. पीळदार खाचांच्या रायफलीला नेम होता, पण भरायला उशीर आणि कीटाचा छळ, आणि लढाईत शत्रू काही चिंधी वाळेपर्यंत थांबत नाही. १८४९ मध्ये मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने यावर तोड काढली: गोळी भोकापेक्षा जरा बारीकच करायची, म्हणजे सहज आत जाईल, आणि तिचं बूड पोकळ ठेवायचं, म्हणजे बार होताना ते फुलून खाचांत बसेल. १८५३ ची एनफिल्ड रायफल याच तत्त्वावर होती, भोक ०.५७७ इंच. कागदी काडतुसात दारू आणि गोळी एकत्र. शिपायाने दाताने कागद फाडायचा, दारू ओतायची आणि गोळी कागदासकट आत ठासायची. गोळीच्या बाजूचा कागद चरबीत बुडवलेला असे. कशासाठी? गोळी सरकत जावी आणि नळीतलं कीट नरम राहावं, म्हणजे शिपायाला दोन बारांच्या मधे नळी पुसत बसावं लागू नये, एवढ्यासाठी.

ती चरबी कोणाची, हा प्रश्न १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडममध्ये निघाला आणि छावण्याछावण्यांतून पसरला. सरकारने घाईघाईने परवानगी दिली की शिपायांनी आपापलं वंगण लावावं, मेण म्हणा, तेल म्हणा, तूप म्हणा. पण आता तूप लावलं तरी कोणी खायला तयार नव्हतं. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडेने बंदूक उचलली. उठावाची कारणं इतिहासकार पुष्कळ देतात, खालसा केलेली संस्थानं, जमिनींचे बंदोबस्त, पगार, भत्ते, आणि ती सगळी खरी आहेत. तरीपण ज्या काडतुसावरून ठिणगी पडली, त्याला चरबी लागली होती ती नळीतल्या कीटामुळे. वर गंमत म्हणजे एवढं होऊनही कीटाचा प्रश्न सुटला नाही. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात काही बारांनंतर एनफिल्डमध्ये गोळी अडकायला लागली, आणि शेवटी गोळीच ०.५६८ इंचांवरून ०.५५ इंचांवर आणावी लागली, चरबीच्या जागी मेण आलं.

मी हे सगळं त्या म्हाताऱ्याला सांगितलं. शिपाई, बराकपूर, दिल्ली, कंपनी सरकारचा शेवट. त्याने टोपी काढून मोठ्या गांभीर्याने ऐकलं. मग विचारलं, "मेण म्हणजे नुसतंच मेण, की त्यात आणखी काही घालत होते?"

अण्णांनी दुसऱ्या दिवशी आपल्याबरोबर खोबरेलाची निळी बाटली आणली. सकाळची थंडी होती आणि खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे बाटली उपडी केली तरी थेंब पडेना. अण्णांनी ती शांतपणे कोटाच्या आत, काखेत धरली आणि अर्धं मैदान तिकडे बघत राहिलं. तेल सुटल्यावर म्हाताऱ्याने एका चिंधीला ते चोळलं, गोळी ठासली, बार काढला, नळी पुसली, चिंधी उजेडाकडे धरली. दोघे-तिघे जमले. वास घेतला. "याला समुद्रावर अंगाला लावायच्या लोशनचा वास येतो," एकजण म्हणाला, पण तक्रारीच्या सुरात नाही. दुपारी बघितलं तर म्हातारा खालच्या आवाजात कोणाला तरी सांगत होता, की हे भारतातल्या एका जुन्या शिकारी घराण्याचं तेल आहे आणि ते काखेतच गरम करावं लागतं.

दिवसभराची पुसापुशी झाल्यावर संध्याकाळी खरी धुलाई. नळी लाकडी दस्त्यावरून उतरवायची, तिचं बूड बादलीतल्या साबणाच्या पाण्यात उभं करायचं आणि गज वरखाली करायचा, म्हणजे निपलच्या छिद्रातून पाणी आत ओढलं जातं आणि काळंकुट्ट होऊन बाहेर पडतं. कुजक्या अंड्यांचा वास सुटतो; तो सल्फाइडचा. इथे पुन्हा दोन तट. कढत पाणीवाले म्हणतात, लोखंड तापतं आणि आपोआप वाळतं. गार पाणीवाले म्हणतात, कढत पाण्याने ओल्या लोखंडावर झटकन तांबूस झाक धरते. दोघांचंही खरं आहे, म्हणून वाद मिटत नाही. बादली कोणाची, यावर मात्र वाद नाही. ती नेहमी बायकोची असते.

माझ्यापुरता निकाल असा: स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळलेली चिंधी, दोन्ही बाजू, आणि मग कोरडी चिंधी. कापड सुती, पॉलिस्टरचं घेतलंत तर ते आत वितळून चिकटतं. बाकीच्या बाटल्या हौसेच्या, आणि हौसेला मोल नसतं, म्हणून त्या महाग असतात.

आता कोकणातल्या किंवा देशावरच्या वाचकांना एक सांगणं. आजोबांची ठासणीची बंदूक तुमच्याकडे परवान्यानिशी आली असेल आणि हे वाचून ती पुसायची सुरसुरी आली असेल, तर आधी ती रिकामी आहे का ते बघा. निपलवर केप दिसत नाही म्हणजे आत बार नाही, असं समजू नका. या बंदुका भरलेल्या स्थितीत वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिल्याची उदाहरणं आहेत. नळीचं तोंड कोणाकडे येणार नाही अशी बंदूक धरा, आपणही तोंडासमोर येऊ नका, गज अलगद आत सोडा आणि नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करा. मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून बघा. टोक बुडापर्यंत पोहोचत नसेल तर आत काहीतरी आहे. मग पाणी, साबण, खोबरेल सगळं बाजूला ठेवा आणि परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याला गाठा.